पाळण्यासाठी शेजारी हवेत

जपानमधल्या आमच्या इचिकावातल्या वसाहतीत प्रत्येक जिन्याला एक हान्चो, म्हणजे गटप्रमुख असतो. एका जिन्यावर पाच मजले, मजल्यावर दोन घरं, अशी दहा घरं. त्यांतून दर एप्रिलमध्ये पाळीपाळीने एकाच्या गळ्यात हे पद पडतं. कामं अशी: कचऱ्यावर कावळे बसू नयेत म्हणून टाकायची जाळी अधूनमधून धुवायची, गवत काढायच्या रविवारी सगळ्यांना खाली उतरवायचं, आणि सूचनांची घरोघर फिरणारी फळी कुणाच्या चपलांच्या कपाटावर अडकून पडलेली नाही ना, हे बघायचं. अधिकार शून्य. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते माझ्याकडे अधिकार आहेत असं कुणीतरी कुणालातरी सांगितल्यामुळे झालं.

सांगणारा आमच्या खालच्या मजल्यावरचा उझबेक तरुण. जुन्या गाड्या परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत काम करतो. जिन्यात भेटला की उजवा हात छातीवर ठेवून किंचित वाकतो. पहिल्यांदा त्याने तसं केलं तेव्हा मला वाटलं याच्या छातीत दुखतंय, आणि मी त्याला खाली बसवून पाणी दिलं. तो बसला, पाणी प्यायला, आणि उठताना आभार मानायला पुन्हा छातीवर हात ठेवला. मी अँब्युलन्स बोलावणार होतो.

त्याची बायको जपानी इतकं सफाईने बोलते की ती परदेशी आहे हे फोनवर जपान्यांनाही कळत नाही. डिसेंबरात त्यांना मुलगा झाला. त्यानंतर चाळीस दिवस आई आणि बाळ घराबाहेर पडले नाहीत, कुणाला दिसले नाहीत. त्यांच्यात या काळाला चिल्ला म्हणतात. माझ्या बायकोला हे फार आवडलं. "म्हणजे आपला सव्वा महिनाच की!" असं म्हणून तिने डिंकाचे लाडू वळले आणि दाराच्या फटीतून आत पोचवले.

चिल्ला संपत आला तेव्हा एका संध्याकाळी तो तरुण आमच्या दारात येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना.

"हान्चो-सान, माझ्याकडून एक चूक झालीय."

मला वाटलं काचेच्या कचऱ्याच्या दिवशी प्लॅस्टिक टाकलं असेल. पण प्रकरण मोठं होतं. त्याचे वडील फरगाना खोऱ्यातल्या त्यांच्या गावाहून यायला निघाले होते. येण्याचं कारण दोन भागांत होतं. पहिला भाग, नातवाला पाळण्यात घालण्याचा समारंभ. दुसरा भाग, समारंभ उरकून सूनबाईला आणि नातवाला गावी घेऊन जाणे. हा दुसरा भाग त्याच्या आईचा हुकूम होता. त्यांच्याकडे मोहल्ला ही गोष्ट आपल्या गल्लीसारखी नुसती राहायची जागा नसते. लग्न, मयत, घर बांधणं, नवराबायकोचं भांडण मिटवणं, सगळं मोहल्ला करतो. मोहल्ल्याशिवाय वाढणारं मूल म्हणजे बसस्टँडवर सोडलेलं मूल, असं त्याच्या आईचं मत.

"म्हणून मी फोनवर सांगितलं, इथेही मोहल्ला आहे. आणि मोहल्ल्याला ओक्सोकोल आहे. भारतीय आहे. खूप मान आहे त्यांना."

"ओक्सोकोल म्हणजे काय?"

"मोहल्ल्यातले वडीलधारे. शब्दाचा अर्थ पांढरी दाढी."

मी हनुवटीवरून हात फिरवला. मी रोज दाढी करतो.

"केस तर पांढरे आहेत," तो अजिजीने म्हणाला.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "कलप लावा म्हणत होते तेव्हा ऐकलं नाहीत. आता व्हा मोहल्ल्याचे आजोबा."

मी त्याला विचारलं, सूनबाईचं स्वतःचं काय म्हणणं आहे? तर तिला वृद्धांच्या शुश्रूषेच्या अभ्यासक्रमात जागा मिळाली होती, एप्रिलपासून. तीनदा अर्ज करून मिळालेली जागा. ती गावी गेली की जागा गेली, आणि पोरगा शाळेत जाईपर्यंत सासू तिला परत पाठवणार नाही, हेही नक्की.

"मग तुम्ही वडिलांना सरळ नाही म्हणा."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू मी त्याला चुकीच्या वारी कचऱ्यात गादी टाकायला सांगितली होती.

मी म्हटलं, "मी खोटं बोलणार नाही. आपण होऊन काही सांगणार नाही, पण विचारलं तर जेवढं विचारलं तेवढं खरं सांगेन." तो छातीवर हात ठेवून वाकला. या वेळी मात्र खरंच दुखत असावं.

वडील आले ते काळी चौकोनी टोपी घालून आणि सामानात एक सबंध पाळणा घेऊन. बेशिक म्हणतात त्याला. रंगवलेलं लाकूड, खाली डोलायला वाकवलेल्या दोन पट्ट्या, वर धरायला आडवा दांडा. हा पाळणा सुनेच्या माहेरून यायचा असतो. माहेरच्यांना व्हिसा मिळाला नाही, म्हणून सासऱ्यांनी तो सुटा करून आणला. मी तो जोडताना तिथे होतो. माझं आयुष्य एका कंपनीत सुट्या भागांची मापं तपासण्यात गेलं आहे, त्यामुळे मी तो नीट पाहिला. गादीच्या मधोमध एक भोक आहे. त्याखाली एक भांडं बसतं, आणि बाळापासून भोकापर्यंत एक छोटी लाकडी नळी जाते. मुलाची नळी वेगळ्या आकाराची, मुलीची वेगळ्या. बाळाला पट्ट्यांनी असं बांधतात की ते हलत नाही, नळी सरकत नाही, आणि गादी कोरडी राहते. विमानतळावर कस्टमच्या माणसाने ती नळी हातात घेऊन विचारलं होतं, हे कुठलं वाद्य आहे? वडिलांनी तोंडाला लावून दाखवायचं नाकारलं, म्हणून त्याला जास्तच संशय आला.

आमच्या पहिल्या भेटीत वडिलांनी मला दारापासून सर्वांत लांबच्या जागी बसवलं, तो मानाच्या पाहुण्याचा कोपरा. मग जुन्या हिंदी सिनेमातलं एक गाणं गुणगुणून माझ्याकडे अपेक्षेने पाहिलं. मला गाता येत नाही. हे मी त्यांच्या मुलाकडून भाषांतर करून सांगितलं. त्यांना तो विनय वाटला.

मग चहा आला. बिनकानाची वाटीसारखी पेली, आणि त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने चहा ओतला तो तळ जेमतेम झाकेल एवढा. मी अंदाज केला, पेलीच्या एक तृतीयांशाहून कमी. दोन घोटांत संपला. त्यांनी पुन्हा तेवढाच ओतला. मी मनात म्हटलं, बिचाऱ्यांना विमानातून फार सामान आणता आलेलं नाही.

तेवढ्यात त्यांनी विचारलंच, "किती वर्षं ओक्सोकोल आहात?"

मी म्हटलं, "हान्चो म्हणून विचारत असाल तर गेल्या एप्रिलपासून. येत्या मार्चला माझी पाळी संपते. मग वरच्या मजल्यावरचे बसचालक."

मुलाने याचं भाषांतर एका शब्दात केलं. माझं वाक्य त्याहून बरंच मोठं होतं, हे वडिलांच्या लक्षात आलेलं मला दिसलं. पण त्यांनी फक्त पेलीत आणखी दोन घोट ओतले.

दुसऱ्या दिवशी त्यांना आम्ही वर बोलावलं. बायकोने कांदेपोहे केले, बेसनाचे लाडू काढले, आणि चहाबद्दल मी तिला खास सूचना दिली. "काल त्यांनी तळ झाकेल एवढाच दिला. आपण तसं करायचं नाही. मोठे मग काढ. काठोकाठ भर." तिने भरला. इतका, की मग बशीत ठेवून दोन्ही हातांनी आणावा लागला. वडिलांनी त्या मगाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो गरम चहा उभ्याउभ्या, न थांबता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत संपवला, छातीवर हात ठेवला आणि निघून गेले. पोह्यांवरचं खोबरं तसंच राहिलं.

"खारट झालेत का हो?" बायकोने विचारलं.

"चाखले कुठे त्यांनी!"

खुलासा मुलाने जिन्यात केला, घाम पुसत. त्यांच्याकडे पाहुण्याला चहा थोडाथोडाच ओततात, म्हणजे पुन्हापुन्हा ओतता येतो आणि यजमानाला पाहुण्याकडे लक्ष देता येतं. पेली जितकी रिकामी तितका मान मोठा. आणि काठोकाठ भरून दिली, तर अर्थ एकच: आता तुम्ही निघा.

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, आपण घरी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला हाकललं! आणि तेही त्यांच्या सुनेचा निकाल लागायच्या आधी!"

मी थर्मास आणि घरातली सगळ्यांत लहान वाटी घेऊन खाली गेलो. आमच्या देवापुढच्या नैवेद्याची वाटी ती. तिच्यात मी त्यांना चहा दिला, मोजून एक घोट. मग आणखी एक. ते गंभीरपणे पीत राहिले. मी इतक्या वेळा ओतला, की शेवटी त्यांना हसू आवरेना. मुलाने भाषांतर केलं, "म्हणतात, मघाशी मला वाटलं हा मोठा माणूस आहे, कामात आहे. आता वाटतंय मला कधीच जाऊ देणार नाही."

त्या बैठकीत एक अडचण पुढे आली. बाळाला पाळण्यात घालायचं ते एखाद्या म्हाताऱ्या, नातवंडंपतवंडं असलेल्या बाईने. मुलाच्या आईचे गुडघे गेलेले, ती येऊ शकली नव्हती. अशी बाई इथे नसेल, तर समारंभ गावीच करू, त्यासाठी तरी सुनेला न्यायला हवं, असं वडील म्हणाले. सून कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. त्यांच्यात सून सासऱ्यासमोर फारसं बोलत नाही.

माझ्या बायकोचा उपयोग नव्हता. आमची एकुलती एक मुलगी सेंदाईला शिकते आणि लग्नाचा विषय काढला की जपानीत उत्तर देते. पण जिन्यात एक बाई होती. तळमजल्याच्या आजी. वय ऐंशीच्या पुढे, तीन मुलं, सात नातवंडं, दोन पतवंडं. त्यांची आमच्या जिन्यावर दहशत होती. कचऱ्याच्या पिशव्या त्या उजेडात धरून पाहायच्या.

सूनच त्यांना विचारायला गेली, मी बरोबर होतो. विधी असा होता: म्हातारीने बाळाला मुद्दाम उलटं ठेवायचं, पाय उशीकडे, डोकं पायथ्याला, आणि जमलेल्या बायकांना विचारायचं, "असं बरोबर आहे का?" बायकांनी ओरडायचं, "नाही, नाही!" असं तीनदा झालं की मग बाळाला सरळ ठेवून बांधायचं.

"मुद्दाम चुकायचं?" आजी म्हणाल्या. "मी तीन मुलं वाढवली. एकदाही उलटं ठेवलं नाही."

"ती रीतच आहे, आजी," सून म्हणाली.

"चूक करायची आणि वर विचारायचं बरोबर आहे का! लोक म्हणतील म्हातारीला काही कळेनासं झालं."

मी त्यांना शब्द दिला, की सर्वांना आधी कल्पना देऊ. आणि तशी सूचना मी फिरत्या फळीवर लावली: बाळ उलटं ठेवल्यास कृपया 'नाही' म्हणावे. नऊ घरांनी वाचल्याचे शिक्के मारले.

समारंभाच्या दिवशी वडिलांनी पुलाव रांधला. त्यांना मोठी कढई अंगणात लावायची होती. उघडा विस्तव वसाहतीत चालत नाही, तेव्हा हान्चो म्हणून मला नाही म्हणावं लागलं. माझ्या पदाचा तेवढाच काय तो उपयोग झाला. घरातल्या गॅसवर त्यांनी तांदूळ, गाजर आणि मांस समसमान वजनाने घातलं. एकास एकास एक. वाटी नाही, काटा नाही, नुसत्या हाताच्या अंदाजाने. मी गुपचूप वजन करून पाहिलं, बरोबर निघालं. तिथून मला तो माणूस आवडायला लागला. आम्ही मांस खात नाही म्हणून त्यांनी आमच्यासाठी काबुली चणे आणि बेदाणे घातलेला वेगळा टोप केला. तो पुढ्यात ठेवताना मात्र त्यांचा चेहरा पडला होता. मुलगा म्हणाला, "ते म्हणतात, खा, पण याला पुलाव म्हणू नका."

दोन खोल्यांमधली सरकती दारं काढून ठेवली होती. आतल्या खोलीत पाळण्याभोवती जिन्यावरच्या सात बायका आणि माझी बायको. बाहेरच्या खोलीत वडील, मुलगा आणि मी. त्यांच्या भागात अशा दिवशी आजीआजोबांच्या तोंडाला पीठ लावतात, बाळाची वाट उजळ व्हावी म्हणून. तळमजल्याच्या आजींना हे सांगितल्यावर त्यांनी ते काम नेटाने केलं. वडिलांचं कपाळ, नाक आणि भुवया पांढऱ्याफटक झाल्या.

मग आजींनी बाळ उचललं आणि उलटं ठेवलं. पाय उशीवर. बायकांकडे वळून त्यांनी विचारलं, "असं बरोबर आहे का?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग पाचव्या मजल्यावरच्या बाई गोड हसून म्हणाल्या, "हो, छान आहे."

"फारच छान," दुसऱ्या म्हणाल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ऐंशी ओलांडलेल्या बाईला चारचौघांत 'चुकलं' म्हणायचं, हे त्यांच्याच्याने होईना. शिक्के मारले होते, पण शिक्का मारणं वेगळं.

आजींनी बाळ उचललं, पुन्हा उलटंच ठेवलं. आवाज चढवून म्हणाल्या, "असं बरोबर आहे का?"

"वेगळी पद्धत दिसते," एक बाई अदबीने म्हणाल्या.

वडिलांनी मुलाला काहीतरी विचारलं. मुलाने मला कानात सांगितलं, "विचारतात, हे बाळाचे शेजारी आहेत की पाहुणे? चुकलं हे सांगायला कुणीच नाही?" पिठाखालीसुद्धा त्यांचा चेहरा उतरलेला कळत होता. मी आतल्या खोलीत बायकोकडे पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून बसली होती. इतक्या वर्षांत जपानने तिला एक गोष्ट शिकवली आहे, आधी बाकीचे काय करतात ते बघायचं. आणि बाकीचे डोलत होते.

तिसऱ्यांदा आजींनी बाळाला उलटं ठेवलं. बाळ आता वैतागलं होतं. त्याने उशीला लाथ मारली.

"अहो नाही! नाही हो!" माझी बायको मराठीत ओरडली. "पाय उशीवर आहेत त्याचे! डोकं इकडे, डोकं!" आणि मीही, विचार न करता, बाहेरच्या खोलीतून उभा राहून ओरडलो, "चुकलंय!"

आजी माझ्या बायकोकडे वळल्या. "आली एकदाची डोळे असलेली बाई," त्या म्हणाल्या. त्यानंतर मात्र सातही बायकांना कंठ फुटला. "दामे! दामे!" चालणार नाही, चालणार नाही, असं त्या ओरडू लागल्या, आणि बाळाला सरळ ठेवून झाल्यावरही थांबेनात. पाचव्या मजल्यावरच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, की लग्नानंतर त्या पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने नाही म्हणाल्या.

पुलाव झाला. चहा झाला, घोटाघोटाने. मग वडील उभे राहिले. तोंडावर पीठ तसंच. ते बोलू लागले आणि भाषांतर करायला सुनेला सांगितलं, कारण तिचं जपानी सगळ्यांत चांगलं. ती पाळण्याजवळ मान खाली घालून, एका सुरात बोलत गेली.

"माझे सासरे तुमचे आभार मानतात. ते म्हणतात, असे शेजारी मिळाले हे त्यांच्या मुलाचं नशीब. पुढच्या शुक्रवारी ते मला आणि बाळाला गावी घेऊन जातील. तुम्ही सगळ्यांनी निरोप द्यावा."

स्वतःबद्दलचं शेवटचं वाक्य तिने इतक्या नीट, इतक्या व्याकरणशुद्ध जपानीत सांगितलं, की खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या पेलीत पाहिलं. तळमजल्याच्या आजींनी नाही. त्यांनी बराच वेळ, पेली खाली न ठेवता, भाषण केलं. सुनेने त्याचं उझबेकमध्ये भाषांतर केलं. तीन-चार शब्दांचं.

वडिलांनी डोळे बारीक केले. ते मुलाशी काही बोलले. मुलगा माझ्याकडे वळला. 

"हान्चो-सान, ते विचारतात, तिने सगळं सांगितलं का? तुम्ही खरं सांगाल म्हणतात."

मला विचारलं गेलं होतं. मी म्हटलं, "नाही. लांबीवरून तर दहावा हिस्साही नाही."

मुलाचा चेहरा पडला. सुनेने मान वर केली नाही. बायको मराठीत पुटपुटली, "झालं. आले धर्मराज."

"मग बाकीचं काय?" वडिलांनी मुलाकरवी विचारलं.

मला आठवत होतं तसं मी जपानीत क्रमाने सांगितलं. एक, बाळ रडतं ते खालच्या घरात ऐकू येतं आणि आजींना आता त्याशिवाय झोप लागत नाही. दोन, या मुलीने एकदा आजींच्या स्वतःच्या कचऱ्यातली चूक दाखवून दिली होती; आजवर ती कुणाचीही हिंमत झाली नव्हती; आपल्या म्हातारपणी शुश्रूषेला अशीच मुलगी हवी. तीन, बायकोमुलाला नवऱ्यापासून तोडून नेणं हे फक्त एखादा हेकट म्हातारा करू शकतो. आजींचे सासरे तसेच होते, आणि त्यांच्या मयताला आजी रडल्या नव्हत्या.

"तिसरं मी सांगू शकत नाही," मुलगा म्हणाला. "माझे वडील आहेत ते."

वडील हाताने खुणावत होते, सांगा, सांगा. मुलगा जमिनीकडे बघत होता. मला उझबेक येत नाही. तेव्हा सूनच बोलली. मान खाली, हात मांडीवर, आवाजात चढउतार नाही. पण या वेळी भाषांतर मूळ भाषणाइतकंच लांब होतं. मध्ये एका शब्दाला मुलाने डोळे मिटले, त्यावरून मी ओळखलं की हेकट म्हातारा येऊन गेला. ती फक्त दुसऱ्याचे शब्द पोचवत होती. त्याला कुठलीच रीत आड येत नव्हती.

वडिलांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग खाली बसले आणि आजींना एक प्रश्न विचारला. सुनेने तो जपानीत आणला. "अजिबात रडला नाहीत?"

"कांदे चिरायचे होते, जेवायला माणसं होती," आजी म्हणाल्या. "लोकांना वाटलं रडतेय."

भाषांतर झालं. वडिलांच्या पोटातून हसू आलं, इतकं की नाकावरचं पीठ चहात पडलं. ते हसत होते आणि आजी मुळीच हसत नव्हत्या. मग ते एकदम थांबले, खिशातून फोन काढला आणि त्याच्याकडे बघत बसले.

मुलाने हळूच सांगितलं, "म्हणतात, माझी हरकत नाही. पण घरी कोण सांगणार?"

तिकडे तेव्हा दुपार व्हायची होती. वडिलांनी फोन लावला. पडद्यावर फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या एक बाई आल्या. वडील सौम्य, थोडक्या शब्दांत बोलले. त्यात ओक्सोकोल हा शब्द मला ओळखता आला, कारण तो म्हणताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मग फोनच माझ्याकडे वळवला.

"काय सांगितलं त्यांनी?" मी मुलाला विचारलं.

"की आमच्या मोहल्ल्याचे ओक्सोकोल सुनेला सोडायला तयार नाहीत. त्यांच्यापुढे काही चालत नाही."

"त्यांना सांगा, मला असा काहीही अधिकार नाही. फक्त जाळी आणि गवत."

मुलाने भाषांतर केलं. पुन्हा एका शब्दात. वडील माझ्याकडे विनवणीच्या नजरेने पाहत होते, आणि माझ्या लक्षात आलं की मला अधिकार नाहीत हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना बायकोला सांगायला कुणीतरी हवं होतं. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी गप्प बसलो.

पडद्यावरच्या बाईंनी मला न्याहाळलं. त्यांनी विचारलं, याची दाढी कुठे आहे? मग त्यांनी फोन पाळण्याकडे न्यायला सांगितला, बाळाच्या पट्ट्या पाहिल्या, एक सैल आहे म्हणाल्या. सुनेने ती घट्ट केली. मग त्यांनी आजींना पाहायचं म्हटलं. दोघी म्हाताऱ्या पडद्यातून एकमेकींना निरखत राहिल्या. शेवटी तिकडच्या बाईंनी एक लांब वाक्य टाकलं आणि फोन ठेवला.

मुलगा मटकन खाली बसला.

"काय झालं? नाही म्हणाल्या?"

"हो म्हणाल्या. सून तिथेच राहू दे म्हणाल्या. गुडघ्यांना आता बरं आहे म्हणाल्या. उन्हाळ्यात स्वतःच येतायत."

"किती दिवसांसाठी?" माझ्या बायकोने विचारलं.

"ते नाही सांगितलं."

वडील पेलीत चहा ओतू लागले. त्यांना फार सुटल्यासारखं वाटत असावं. मी म्हटलं, पाहुणे महिन्याहून जास्त राहणार असतील तर वसाहतीच्या कार्यालयाला कळवावं लागतं, हे आताच सांगून ठेवतो.

सून पाळण्याजवळून, मान खाली ठेवूनच, माझ्याशी जपानीत बोलली. "हान्चो-सान, तो नियम आठवड्याचा करता येईल का?"

"नियम बदलायला सभा लागते," मी म्हटलं. "सभा एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये मी इथेच आहे," ती म्हणाली.